बरगड्यांखाली दाबून अ‍ॅसिडिटी जाते का? श्वासपटलाची मॅन्युअल थेरपी समजून घेऊ

मोबाईलवर एकदा ‘अ‍ॅसिडिटीवर उपाय’ असं शोधलंत की पुढचे आठ दिवस त्याचीच रील्स समोर येत राहतात. त्यातलं एक तर हमखास दिसतं. कुणीतरी पलंगावर उताणं झोपलंय, शेजारी उभा असलेला थेरपिस्ट त्याच्या बरगड्यांखाली बोटं सरकवतोय आणि खाली लिहिलंय, ‘गोळ्या सोडा, डायफ्रॅम मोकळा करा’.

बघणाऱ्यांचे दोन गट पडतात. एक गट म्हणतो, हे काय, आमच्या आजीच्या काळात बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घ्यायचे, त्यातलाच हा प्रकार. दुसरा गट लगेच अपॉइंटमेंट घेतो आणि सकाळची गोळी बंद करतो.

दोघांनीही जरा थांबायला हवं. श्वासपटल आणि अ‍ॅसिडिटी यांचा संबंध खरा आहे, तो शरीरशास्त्राच्या पुस्तकात आहे. पण रीलमध्ये जेवढं सांगतात तेवढं अजून सिद्ध झालेलं नाही. नेमकं काय सिद्ध झालंय आणि काय नाही, ते एकेक करून बघू.

घशाशी येतं म्हणजे काय होतं?

आपण सरसकट ‘पित्त झालं’ म्हणतो. पण छातीत जी जळजळ होते ती बहुतेक वेळा जठरातल्या आम्लाची असते. वैद्यकीय भाषेत पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा रस, तो वेगळा. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. जठराच्या आतल्या अस्तराला ते सोसतं, अन्ननलिकेला सोसत नाही. म्हणून ते वर आलं की छातीच्या मधोमध जळजळ, करपट ढेकर, तोंडाला आंबट पाणी, सकाळी घसा बसणं असे त्रास होतात.

थोडंफार आम्ल वर येणं सगळ्यांनाच होतं, विशेषतः जेवणानंतर. ते वारंवार होऊन त्रास द्यायला लागलं किंवा त्याने अन्ननलिकेला सूज यायला लागली की त्याला गॅस्ट्रोइसोफेजियल रिफ्लक्स डिसीज म्हणतात. डॉक्टर मंडळी थोडक्यात ‘गर्ड’ म्हणतात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. गर्डच्या बहुतेक रुग्णांच्या पोटात आम्ल जास्त तयार होत असतं असं नाही. ते नको तिथे पोहोचतं, ही खरी अडचण असते. म्हणजे प्रश्न टाकीतल्या पाण्याचा कमी आणि झडपेचा जास्त आहे.

एक नाही, दोन झडपा

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. साधारण तीन ते चार सेंटिमीटर लांबीचं. घास खाली जाताना ते सैल होतं, एरवी आवळलेलं असतं. ही झाली पहिली झडप. ती अन्ननलिकेचाच भाग आहे आणि आपल्या मर्जीने हलत नाही.

दुसरी झडप म्हणजे श्वासपटल. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा ताणलेला हा स्नायू. पुढे छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाला, बाजूंनी खालच्या सहा बरगड्यांना आणि मागे कमरेच्या मणक्यांना तो जोडलेला असतो. आपण श्वास घेतो तेव्हा हा घुमट खाली उतरतो. फुप्फुसात हवा खेचण्याचं मुख्य काम त्याचंच.

अन्ननलिका छातीतून पोटात उतरते ती या पटलातल्या एका फटीतून. फटीच्या दोन्ही बाजूंना श्वासपटलाचे मणक्याकडून आलेले जाड पट्टे असतात, त्यांना ‘क्रुरा’ म्हणतात. हे पट्टे अन्ननलिकेला चिमटीत धरल्यासारखे वेढून असतात. श्वास आत घेताना, खोकताना, वजन उचलताना पोटातला दाब वाढतो. नेमकं त्याच वेळी हे पट्टे आवळले जातात आणि आम्ल वर यायला अटकाव होतो.

म्हणजे दाराला दोन कड्या आहेत, एक आतून आणि एक बाहेरून. १९९७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मित्तल आणि बालाबन या दोन डॉक्टरांनी या जोडाबद्दल सविस्तर लिहिलं होतं. त्यात श्वासपटलाचा हा बाहेरचा आवळ झडपेचाच भाग म्हणून मांडला होता. त्यामुळे ‘श्वासपटलाचा आणि अ‍ॅसिडिटीचा काय संबंध?’ हा प्रश्न आता उरलेला नाही.

मग बिघडतं कुठे?

दोन मुख्य प्रकार आहेत.

पहिला प्रकार म्हणजे झडप भलत्या वेळी उघडणं. जेवणाने आणि हवेने जठराचा वरचा भाग फुगला की मेंदूला संदेश जातो आणि घास गिळलेला नसतानाही आतलं कडं काही सेकंद सैल पडतं. त्याच वेळी क्रुरासुद्धा ढिले होतात. ढेकर येते ती याच मार्गाने. हवेबरोबर आम्लही निसटलं की जळजळ. निरोगी माणसातही हे घडतं आणि गर्डमधल्या बऱ्याचशा रिफ्लक्सचं कारणही हेच.

दुसरा प्रकार म्हणजे हायटस हर्निया. श्वासपटलातली ती फट रुंद होते आणि जठराचा वरचा भाग छातीकडे सरकतो. आता दोन्ही कड्या एका रेषेत राहत नाहीत. आतली वर गेली, बाहेरची खाली राहिली. एकमेकींना मदत करायचं बंद झालं. पोटाचा घेर वाढला, गरोदरपण आलं, वय वाढलं की याची शक्यता वाढते.

मॅन्युअल थेरपीत नेमकं काय करतात?

नाव मोठं असलं तरी अर्थ साधा आहे, हाताने केलेला उपचार. फिजिओथेरपिस्ट आणि ऑस्टिओपॅथ तो करतात. ऑस्टिओपॅथी ही पद्धत १८७४ मध्ये अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी सुरू केली. पोटातल्या अवयवांवर हाताने काम करण्याची शाखा पुढे फ्रान्सच्या जाँ-पिएर बाराल यांच्यामुळे जास्त प्रसिद्ध झाली.

श्वासपटलावरची नेहमीची पद्धत अशी असते. रुग्ण उताणा झोपतो. थेरपिस्ट दोन्ही बाजूंच्या खालच्या बरगड्यांच्या कडेखाली हात ठेवतो. रुग्णाने श्वास घेतला की हात बरगड्यांबरोबर हलकेच वर आणि बाहेर जातात. श्वास सोडला की बोटं जरा आत सरकतात. पुढच्या श्वासाला तिथेच धरून ठेवतात. हे काही मिनिटं, श्वासाच्या लयीत चालतं. काही थेरपिस्ट याला जोडून पाठीचे मणके, मान आणि पोटाच्या वरच्या भागावरही काम करतात. मान यासाठी, की श्वासपटलाला हलवणारी फ्रेनिक नस मानेतल्या मणक्यांपासून निघते.

नीट केलेल्या उपचारात ताण जाणवतो, कळ येत नाही. पेशंट ओरडेपर्यंत दाबणं हे रीलसाठी चांगलं असेल, उपचारासाठी नाही.

संशोधन काय सांगतं?

थेट मुद्द्याच्या तीन अभ्यासांकडे बघू.

ब्राझीलमध्ये झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. गर्डच्या रुग्णांच्या अन्ननलिकेतला दाब नळी घालून मोजला, मग काहींवर श्वासपटलाची हाताने करायची क्रिया केली आणि काहींवर तसंच दिसणारं नाटक केलं. लगेच पुन्हा दाब मोजला. ज्यांच्यावर खरी क्रिया झाली त्यांच्या झडपेच्या भागातला दाब वाढलेला दिसला. पण हे मोजमाप क्रियेनंतर लगेचचं होतं. आठवड्याने किंवा महिन्याने काय, याचं उत्तर त्यात नाही.

२०१९ मध्ये स्पेनमधला एक अभ्यास ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आला. ३० रुग्ण, निम्म्यांना श्वासपटलाची खरी थेरपी, निम्म्यांना दिखाऊ. चार आठवड्यांनंतर खरी थेरपी मिळालेल्यांचा त्रास कमी होता, पोटाच्या तक्रारींमुळे रोजच्या जगण्यावर होणारा परिणाम कमी होता आणि गोळ्याही कमी लागत होत्या. लेखकांनी स्वतःच याला प्राथमिक अभ्यास म्हटलंय.

त्याच वर्षी स्पेनमधूनच आणखी एक अभ्यास आला, ६० रुग्णांचा. त्यातही हाताने केलेल्या उपचारानंतर आठवड्याभराने लक्षणं कमी झालेली दिसली.

ऐकायला छान वाटतं. पण तीन गोष्टी लक्षात घ्या. रुग्ण थोडे आहेत. पाठपुरावा आठवड्यांचा आहे, वर्षांचा नाही. आणि लक्षणं कमी होणं वेगळं, आम्ल वर येणं कमी होणं वेगळं. छातीतली जळजळ ही तक्रार अशी आहे की कुणी प्रेमाने अर्धा तास लक्ष दिलं तरी बऱ्याच जणांना हलकं वाटतं. म्हणून तर अभ्यासात दिखाऊ उपचाराचा गट ठेवावा लागतो.

एक अवघड प्रश्न

झडपेचं काम करणारे क्रुरा मागे, मणक्याच्या पुढ्यात, पोटाच्या पार खोलात असतात. थेरपिस्टची बोटं पोहोचतात ती पुढच्या बाजूला, बरगड्यांच्या कडेला. मधे यकृत, जठर, आतडी. मग बोटांचा परिणाम तिथवर पोहोचतो कसा?

याची काही संभाव्य उत्तरं दिली जातात. बरगड्या मोकळ्या झाल्याने श्वासपटलाची हालचाल वाढत असेल. याला दुसरीकडून थोडा आधार आहे. सीओपीडी या फुप्फुसाच्या आजारात २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये झालेल्या अभ्यासात याच पद्धतीने श्वासपटलाची हालचाल वाढल्याचं दिसलं. दुसरं उत्तर, रुग्ण छातीने उथळ श्वास घेण्याऐवजी पोटाने घ्यायला शिकत असेल. तिसरं, मज्जासंस्था शांत होऊन अन्ननलिकेची संवेदनशीलता कमी होत असेल. यातलं नेमकं कोणतं, हे ठरलेलं नाही. त्यामुळे ‘तुमचं श्वासपटल जाम झालंय, मी ते सोडवलं’ असं कुणी छातीठोक सांगत असेल तर ते त्याचं मत समजा, निदान नाही.

यापेक्षा भक्कम आणि फुकट उपाय

गंमत अशी की ज्या श्वासपटलासाठी आपण पैसे मोजून दाबून घेतो, त्याचा व्यायाम घरी करता येतो आणि त्याचा पुरावाही जरा बरा आहे.

२०१२ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथल्या डॉक्टरांनी १९ रुग्णांवर एक प्रयोग केला. दहा जणांना पोटाने श्वास घेण्याचं प्रशिक्षण दिलं, नऊ जणांना नाही. चार आठवड्यांनी अन्ननलिकेत आम्ल राहण्याचा वेळ मोजला. व्यायाम करणाऱ्यांमध्ये तो सरासरी ९.१ टक्क्यांवरून ४.७ टक्क्यांवर आला. इथे रुग्णाला कसं वाटतं एवढंच विचारलं नाही, यंत्राने मोजलं. ज्यांनी पुढे नऊ महिने व्यायाम चालू ठेवला त्यांच्या गोळ्याही बऱ्याच कमी झाल्या. हाही अभ्यास छोटाच आणि मोठा हर्निया असलेले रुग्ण त्यात नव्हते, हे विसरू नका.

त्यानंतर अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी जेवणानंतर पोटाने श्वास घेतला तर काय होतं हे तपासलं. दिखाऊ व्यायामापेक्षा खऱ्या व्यायामाच्या वेळी रिफ्लक्स कमी वेळा झाला. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये दिलेल्या सल्ल्यातही काही विशिष्ट रुग्णांसाठी पोटाने श्वास घेण्याचा उल्लेख आहे. उदाहरणार्थ, ज्यांच्या तपासण्या ठीक येतात पण अन्ननलिका अतिसंवेदनशील असते असे रुग्ण.

कसा करायचा?

• पाठीला आधार देऊन बसा किंवा उताणे झोपून गुडघे वाकवा. जेवण झालेलं असेल तर बसूनच करा.
• एक हात छातीवर, एक बेंबीच्या वर ठेवा.
• नाकाने सावकाश श्वास घ्या. पोटावरचा हात वर आला पाहिजे, छातीवरचा जवळजवळ स्थिर.
• घेण्यापेक्षा जास्त वेळ लावून श्वास सोडा. पोट जोराने आत खेचू नका.
• पाच मिनिटांपासून सुरुवात करा, हळूहळू वेळ वाढवा. चक्कर आली तर थांबा.

हे म्हणजे कपालभाती नव्हे. कपालभातीत पोटाला झटके बसतात आणि पोटातला दाब वाढतो. भरल्या पोटी ती करू नये, हे योगशिक्षकही सांगतात. ज्यांना घशाशी येतं त्यांनी तर डॉक्टरांना विचारूनच करावी.

रीलमधले दावे, एकेक करून

‘हर्निया हाताने खाली ओढता येतो.’ जठर पोटावरून खाली ओढून ते तिथेच राहतं, याला विश्वासार्ह पुरावा नाही. रुंद झालेली फट बोटांनी अरुंद होत नाही. मोठ्या हर्नियाला गरज पडली तर शस्त्रक्रियाच करावी लागते.

‘सकाळी कोमट पाणी पिऊन टाचांवर आपटा, जठर जागेवर येतं.’ यालाही पुरावा नाही. गुडघेदुखी किंवा हाडं ठिसूळ असतील तर नवीन दुखणं मात्र मिळेल.

‘एका सेशनमध्ये कायमचं बरं.’ वरच्या एकाही अभ्यासात असं म्हटलेलं नाही.

‘गोळ्या विष आहेत, आजच बंद करा.’ हा दावा सगळ्यात घातक आहे, म्हणून त्याबद्दल वेगळं.

गोळी एकदम का बंद करू नये?

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल या गटातल्या गोळ्या जठरातलं आम्ल तयार होणं कमी करतात. झडप त्या दुरुस्त करत नाहीत, हे खरं आहे. पण अन्ननलिकेला झालेली सूज आणि जखमा भरायला त्यांनीच मदत होते. गोळी मधेच सोडली आणि सूज तशीच राहिली तर काहींची अन्ननलिका पुढे आखडते, काहींच्या पेशींमध्ये बदल होऊ लागतात.

दुसरं म्हणजे, बरेच दिवस घेतलेली गोळी अचानक थांबवली की आम्ल काही काळ उसळी मारतं. डेन्मार्कमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग यासाठी आठवावा असा आहे. १२० निरोगी लोक घेतले, ज्यांना अ‍ॅसिडिटी नव्हतीच. निम्म्यांना आठ आठवडे या गटातली खरी गोळी दिली आणि मग साधी. बाकीच्यांना पहिल्यापासून साधीच. खरी गोळी थांबल्यानंतरच्या आठवड्यांमध्ये पहिल्या गटातल्या ४४ टक्के लोकांना जळजळीसारखा त्रास झाला. दुसऱ्या गटात तो १५ टक्क्यांना झाला.

म्हणजे थेरपी घेऊन गोळी सोडली आणि चार दिवसांत छाती पेटली, तर थेरपी फसली असं नाही आणि आजार बळावला असंही नाही. आणि उलट, गोळी अजून चालू असताना बरं वाटलं तर ते थेरपीनेच वाटलं असंही म्हणता येत नाही. गोळी कमी करायची असेल तर ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांशी बोलून, टप्प्याटप्प्याने करा.

हे असेल तर आधी डॉक्टर, थेरपी नंतर

छातीत दुखणं चालताना किंवा जिना चढताना वाढतंय, घाम फुटतोय, दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जातंय, दम लागतोय? मग ‘गॅस झाला असेल’ म्हणत सोडा पीत बसू नका आणि पोट तर अजिबात दाबून घेऊ नका. १०८ ला फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा. हृदयविकाराचा झटका अ‍ॅसिडिटी समजून अंगावर काढला जातो आणि त्यात मोलाचे तास जातात. मधुमेह असलेल्यांमध्ये आणि बायकांमध्ये तर लक्षणं अनेकदा आणखी अस्पष्ट असतात.

घास अडकणं, गिळताना दुखणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, कारण नसताना वजन उतरणं, रक्त कमी होणं, यातलं काहीही असेल तर एंडोस्कोपीबद्दल डॉक्टरांना विचारा.

पोटावरची थेरपी कुणी टाळावी किंवा आधी विचारून घ्यावी? गरोदर बायका, नुकतीच पोटाची किंवा छातीची शस्त्रक्रिया झालेले, अल्सर असलेले, यकृत किंवा प्लीहा वाढलेले, महारोहिणीला फुगा असलेले, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे आणि हाडं ठिसूळ झालेले.

करून घ्यायचीच असेल तर

थेरपिस्टची नोंदणी विचारा. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्याच्या व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेकडे होते. नोंदणी विचारण्यात अपमान करण्यासारखं काही नाही.

मग तीन प्रश्न विचारा. किती सेशननंतर फरक दिसला नाही तर थांबायचं? घरी करायचा श्वासाचा व्यायाम शिकवणार का? माझ्या डॉक्टरांच्या औषधांना हात लावणार नाही ना? तिन्हीची सरळ उत्तरं मिळाली तर माणूस बरा. वीस सेशनचं पॅकेज आगाऊ भरायला सांगितलं तर नमस्कार करून बाहेर पडा.

आणि जे आपल्याकडे आधीपासून आहे

वजन जास्त असेल तर ते उतरवणं, झोपण्याआधी दोन-तीन तास न खाणं, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करणं, हे उपाय डॉक्टरांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहेत. नुसत्या जादा उशा घेऊन मान वाकते आणि पोटावर दाब येतो. त्यापेक्षा पलंगाच्या पायाखाली ठोकळे ठेवा.

डाव्या कुशीवर झोपलं की अन्ननलिकेतलं आम्ल लवकर खाली उतरतं, असं नेदरलँड्समधल्या अभ्यासात मोजून दिसलंय. आपल्याकडच्या ‘वामकुक्षी’चा अर्थ तरी काय? डावी कूस. फक्त गर्ड असेल तर ती जेवल्या जेवल्या घेऊ नये. आधी शतपावली, मग बसून पाच मिनिटं पोटाने श्वास, आणि आडवं व्हायचंच असेल तर पुष्कळ वेळाने, डाव्या कुशीवर.

थोडक्यात काय?

श्वासपटल ही अन्ननलिकेची बाहेरची झडप आहे, हे पक्कं. तिच्यावर हाताने केलेल्या उपचाराने काहींना काही आठवडे बरं वाटतं, असं छोटे अभ्यास सांगतात. तो औषधांना पर्याय आहे असं कुणीही दाखवून दिलेलं नाही. श्वासाचा व्यायाम फुकट आहे, जवळपास सगळ्यांना करता येतो आणि त्याचा परिणाम यंत्राने मोजलेला आहे. त्यामुळे सुरुवात तिथून करा. पैसे खर्च करायचे की नाही, ते महिन्याभराने ठरवता येईल.

हे वाचून घरातल्या कुणाची आठवण आली असेल, जे रोज रात्री सोडा पिऊन झोपतात आणि ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतात, तर लेख त्यांना पाठवा. आणि सोबत विचारा, शेवटचं डॉक्टरांना कधी दाखवलं होतं?